जुनी टँडम दुरुस्त करताना: रंग शेवटी, आधी एक्सेंट्रिक

दोन सीटची जुनी सायकल घरात आली की हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो. तो आवरायला हवा. साध्या सायकलीत नसलेले जे भाग टँडममध्ये असतात, तेच सगळ्यात घट्ट अडकून बसलेले असतात. ते ठोकून सोडवताना नवा रंग हमखास उडतो.

सुरुवात फ्रेमपासून. चाकं काढा. मागच्या चिमट्याच्या एका खाचेला (जिथे चाकाचा एक्सल बसतो) दोरा बांधून तो हेड ट्यूबला (हँडलखालच्या उभ्या नळीला) पुढून वळसा देऊन दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून बांधा. आता दोन्ही सीट ट्यूबपाशी डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर मोजा. फरक 2-3 मिमीपेक्षा जास्त आला तर फ्रेम वाकलेली आहे. मग दोन्ही बॉटम ब्रॅकेटना (पायडलचा एक्सल जिथे फिरतो त्या जागांना) जोडणारी खालची नळी पाहा. फ्रेमचा सर्वांत खालचा भाग तोच, त्यामुळे आत शिरलेलं पाणी तिथेच साचतं आणि नळी आतून गंजते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला तर तिथला पत्रा पातळ झालाय. हेड ट्यूबच्या सांध्यावर किंवा पुढच्या चिमट्याच्या माथ्यावर रंगात केसासारखी रेघ दिसली तर रंग खरवडून खाली धातू तपासा. चिमट्याला तडा असेल तर तो बदलायचाच. दोन माणसांचं वजन आहे, तिथे तडजोड नको.

आता एक्सेंट्रिक. पुढच्या बॉटम ब्रॅकेटचं शेल (बाहेरची आडवी नळी) नेहमीपेक्षा मोठं असतं आणि त्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा एक गोल ठोकळा बसवलेला असतो, तोच एक्सेंट्रिक. एक्सलचं छिद्र या ठोकळ्याच्या मध्यावर नसून एका बाजूला असतं. ठोकळा फिरवला की एक्सल पुढेमागे सरकतो आणि पुढची-मागची पायडलं जोडणारी डावीकडची लांब टायमिंग चेन ताणली किंवा सैल केली जाते. स्टीलच्या शेलमध्ये ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिलं की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. आत शिरणारं तेल दोन्ही बाजूंनी रोज थोडं सोडत तीन-चार दिवस थांबा. ठोकळा कशाने आवळलाय तेही बघून घ्या. शेलला चीर आणि खाली बोल्ट असेल तर बोल्ट पूर्ण काढा. आत पाचर असेल तर बोल्ट चार-पाच वळसे सैल करा आणि त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक टोला द्या. नुसता बोल्ट सैल केल्याने पाचर सुटत नाही, आणि ठोकळाच अडकलाय असं वाटून लोक शेल तापवायला घेतात. बिनडोक्याचे स्क्रू असतील तर त्यांनी ठोकळ्यावर खड्डे पाडलेले असतात. बसवताना ठोकळा जरा फिरवून नवी जागा धरा, नाहीतर तो घसरून जुन्याच खड्ड्यात जाऊन बसतो. सुटला की शेल आतून बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि भरपूर ग्रीस लावूनच परत बसवा. पुढे चालवताना कर्रकर्र आवाज येतो तो बऱ्याचदा इथल्याच कोरडेपणामुळे.

टायमिंग चेनचा हिशोब सोपा आहे. दोन्ही बॉटम ब्रॅकेटच्या एक्सलमधलं अंतर मिमीमध्ये मोजा, 12.7 ने भागा, उत्तराची दुप्पट करा आणि त्यात एका चक्राचे दाते मिळवा. अंतर 635 मिमी आणि दोन्ही चक्रं 36 दात्यांची असतील तर 50 दुणे 100 अधिक 36, म्हणजे 136 कड्या. बाजारातली साधी चेन 114-116 कड्यांची असते, तेव्हा दोन चेन घेऊन जोडाव्या लागतात. दोन्ही चेन एकाच मापाच्या आणि नव्या घ्या. दोन्ही टायमिंग चक्रांचे दाते सारखेच हवेत. एवढी लांब चेन 1 टक्का जरी वाढली तरी साधारण 17 मिमी लांबते. एक्सेंट्रिक सतत लागतो तो यामुळेच. चेन बसवल्यावर पायडल सावकाश फिरवत सर्वांत टाइट जागा शोधा आणि तिथेच ताण ठरवा. त्या जागी मधोमध बोटाने दाबल्यावर चेन सुमारे 10 मिमी हलली पाहिजे. सैल जागी ताण लावला तर टाइट जागी बेअरिंग आवळतं.

क्रँक (पायडलचे दांडे) कॉटरने, म्हणजे पाचरीसारख्या पिनेने, एक्सलला आवळलेल्या असतील तर कॉटर चार आहेत. नट टोकाशी समपातळीत आणा. कॉटरचं डोकं आत मावेल एवढा जाड पाइप जमिनीवर उभा करा, क्रँक त्यावर टेकवा आणि जड हातोड्याचा एकच जोरदार घाव घाला. आधार न देता ठोकलं तर तो मार बेअरिंगच्या कपातल्या छर्ऱ्यांवर जातो आणि कपाला खड्डे पडतात. हलक्या हाताने दहादा ठोकलं तर कॉटरचे आटे पसरतात आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नसतं. बसवताना एका एक्सलवरच्या दोन कॉटर उलट दिशांनी घाला. एकाच दिशेने घातल्या तर दोन्ही पायडल एका सरळ रेषेत येत नाहीत.

डाव्या क्रँकचे आटे नक्की तपासा. डावीकडेही चेनव्हील लागतं म्हणून कुणीतरी उजवी क्रँक तिथे चढवलेली असू शकते. मग डाव्या पायडलला उलटे आटे मिळत नाहीत आणि ते चालवता चालवता सुटत जातं.

छर्रे सगळे नवे घाला, जुन्यांत नवे मिसळू नका. बॉटम ब्रॅकेटमध्ये सहसा प्रत्येक बाजूला 1/4 इंची 11, मागच्या हबमध्ये 1/4 इंची 9, पुढच्यात 3/16 इंची 10 असतात. मागचा एक्सल काचेवर लोळवून पाहा. डुगडुगला तर वाकलेला आहे.

गंजलेल्या लहानसहान स्टीलच्या भागांना 10 लिटर पाण्यात 250-300 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड पुरतं. ते विषारी आहे. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा, ॲल्युमिनियम त्यात टाकू नका. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, पुसा आणि लगेच तेल लावा, नाहीतर तासाभरात तांबूस थर परत येतो.

मागच्या ब्रेकची वायर नेहमीची पुरत नाही. पूर्ण लांबीची एकच वायर घ्या, दोन तुकडे जोडू नका. मागच्या हबला ड्रम ब्रेक असेल तर तो ठेवाच; लांब उतारावर एवढं वजन नुसत्या रिम ब्रेकने रोखत राहिलं तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते.

रंग आता. शेलचं तोंड, आटे आणि चिमट्यावरची बेअरिंगची बैठक टेपने झाका. रंगाचा जाड थर चढला तर एक्सेंट्रिक आत जातच नाही. जोडणी झाल्यावर पहिल्या 30-40 किलोमीटरनंतर चारही कॉटरचे नट, एक्सेंट्रिकचा बोल्ट आणि मागच्या चाकाच्या तारा पुन्हा आवळा. कॉटरचा नट तेव्हा थोडा तरी फिरतोच.