फाटक मोठं आहे, पण चावी कोणाकडे आहे?

जंगलातल्या वाटेवर व्हीलचेअर जाते का, असं फोनवर विचारू नका. ‘हो हो, जाते की’ एवढंच उत्तर मिळतं आणि त्यावरून काडीचंही कळत नाही. पाच गोष्टी विचाराव्यात: वाटेची लांबी किती, खाली जमीन कसली, सगळ्यात अरुंद जागी रुंदी किती, सगळ्यात जास्त चढ किती आणि वाट एका कुशीला किती कलते. ही यादी माझ्या डोक्यातून आलेली नाही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या पायवाटांसाठी २०१३ साली नियम झाले, त्यात नव्या सुगम वाटेच्या तोंडाशी फलकावर हीच माहिती लिहायला सांगितली आहे. चढाचं उत्तर ‘थोडासा आहे’ असं आलं तर सोडायचं नाही. वीस मीटर पुढे गेल्यावर वाट एक मीटर चढत असेल, तर बहुतेकांना झेपतं. बारा मीटरला एक मीटर म्हणजे थोड्या अंतरापुरतंच, आणि तेही मागे कोणी असेल तर.

अशाच एका वाटेवर जाण्याआधी मी हे सगळं विचारलं. फोनवरच्या गृहस्थांनी नीट उत्तरं दिली, ती खरीही निघाली. फाटकाचंही विचारलं. ‘मोठं आहे, जीप जाते,’ ते म्हणाले.

फाटक मोठंच होतं. त्याला कुलूप होतं.

चालणाऱ्यांसाठी बाजूला फट होती आणि दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून त्या फटीत लोखंडी पाइपचे दोन कठडे एकापुढे एक, उलटसुलट बाजूंनी रोवले होते. माणूस अंग चोरून इकडून तिकडे वळतो आणि जातो. व्हीलचेअरला अंग चोरता येत नाही. रुंदीचा प्रश्न नव्हताच, माझी खुर्ची आत शिरली. पण वळायच्या जागी पायपट्टी पुढच्या पाइपला टेकली आणि मागची चाकं मागच्या पाइपला. ना पुढे, ना मागे. भावाने ओढून बाहेर काढली. त्यामुळे असं काही असेल तर दोन कठड्यांमधलं अंतर विचारा आणि ते आपल्या खुर्चीच्या लांबीशी ताडून बघा. पायपट्टीसकट लांबी मोजायची.

पहारेकरी आला आणि त्याने माझ्या भावाला विचारलं, “त्यांना जरा उचलून घेता का? खुर्ची मी वरून देतो.” भावाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, “दादा, कुलूप उघडा.” चावी साहेबांकडे. साहेब फेरीवर. फेरी कुठवर, ते आत गेल्याशिवाय सांगता येत नाही. फोन? आत रेंज नाही.

उचलून घ्यायला मी नकार दिला, तो नुसत्या तोऱ्यापायी नाही (थोडा तोरा होताच). अनोळखी माणसं खुर्ची हाताच्या टेकूला धरून उचलतात, आणि बऱ्याच खुर्च्यांचे ते टेकू सुटे असतात. वर खेचले की हातात येतात. उचलण्यावाचून गत्यंतर नसेलच तर चौकटीला धरायला सांगा, आणि कुठे धरायचं ते स्वतः बोट ठेवून दाखवा. शिवाय एकदा उचलून घेतलं की ‘सगळं व्यवस्थित पार पडलं’ अशीच नोंद होते.

मग बसून राहिलो. ऊन फाटकावर आलं. फिरायला आलेली माणसं फटीतून आत जाताना माझ्याकडे बघून हळहळत होती. एका काकूंनी मला केळं देऊ केलं. आणि मग एक मोपेडवाला आला. उतरला, हँडल पूर्ण वळवलं, मागचं चाक उचलून बाजूला सरकवलं, पुन्हा उचललं, आणि गाडीसकट पलीकडे. पहारेकऱ्याने त्याला दोन शब्द ऐकवले, पण गेला तो गेला. ज्याला अडवायला ते पाइप रोवले होते तो आत आणि मी बाहेर! माझं डोकं जे फिरलं ते अजून ताळ्यावर नाही.

साहेब आले, चावी लागली, साखळी निघाली. आत शिरण्याआधी मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की आम्ही परत येईपर्यंत कुलूप लागणार नाही. हे विसरू नका, नाहीतर तोच खेळ आतल्या बाजूने.

वाट छान होती. दाबून बसवलेला बारीक मुरूम, मग ओलसर भागात फळ्यांचा पूल, फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या. तशाच हव्यात, उभ्या फळ्यांच्या फटीत पुढची छोटी चाकं अडकतात. कठड्याची वरची पट्टी मात्र नेमकी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते. झाडं दिसेनात, पण त्या पट्टीवरून मुंग्यांची रांग चालली होती, एकीच्या तोंडात हिरवा पंख, वाऱ्याने तो शिडासारखा फिरायचा आणि मुंगी पार कलंडायची. उभ्याने चालणाऱ्या कोणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

एखादं मूळ वाटेत आलं तर खुर्ची उलटी फिरवून मोठी चाकं आधी न्यायची, सोबतच्याने ओढायचं. हातमोजे घालाच, ओल्या मुरमाची कच चाक हाताने फिरवायच्या रिंगवर बसते आणि तळवे सोलते.

परत आल्यावर मी लेखी अर्ज दिला. कठडे काढा असं नाही, फक्त चावी फाटकावरच्या माणसाकडे ठेवा, एवढंच. अर्जाची पोच घेतली आहे.

शौचालयाचं राहिलंच. ‘आहे’ म्हणाले तर दार आत उघडतं की बाहेर, ते विचारा. आत उघडणारं असेल तर खुर्ची आत गेल्यावर बहुतेकदा दार लागत नाही.