मरीन ड्राइव्हवरचा सराव : पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमधील अर्धमॅरेथॉन डोळ्यांसमोर ठेवून जूनपासून माझा बहुतेक सराव मरीन ड्राइव्हच्या पदपथावर सुरू आहे. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीच्या पुढे मलबार हिलच्या पायथ्यापर्यंत हा पदपथ सुमारे साडेतीन किलोमीटरचा आहे. त्यामुळे जाऊन-येऊन तीन फेऱ्या पूर्ण केल्या, की अर्धमॅरेथॉनचे 21.1 किलोमीटर जवळजवळ भरतात. वाटेत सिग्नल नाही, रस्ता ओलांडावा लागत नाही आणि चढ तर नावालाही नाही. लांब पल्ल्याच्या सरावाला यापेक्षा सोयीची जागा दक्षिण मुंबईत मला दिसत नाही.

मात्र वाट सपाट असली, तरी वेग रोज सारखा राहत नाही, आणि या सहा महिन्यांतील माझ्या नोंदींचे मुख्य सार तेच आहे. येथे चढाचे काम वारा करतो. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून त्या काळात मी चौपाटीच्या टोकाकडून सुरुवात करून नरिमन पॉइंटच्या दिशेने आधी वाऱ्याच्या विरोधात धावत असे आणि परतीचा टप्पा वारा पाठीशी घेऊन पूर्ण करत असे. हिवाळ्यात संध्याकाळी समुद्रावरून येणारा वारा वायव्येकडे झुकलेला असतो, त्यामुळे हाच क्रम उलटा करून नरिमन पॉइंटपासून निघणे सोयीचे पडते. पाय ताजे असताना वाऱ्याशी झगडावे आणि थकल्यावर त्याचा आधार घ्यावा, एवढाच यामागचा विचार आहे. पण त्यामुळे दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा वेगाने धावण्याची सवय, म्हणजेच आपण ज्याला निगेटिव्ह स्प्लिट म्हणतो ती, फारसा ताण न घेता अंगवळणी पडली. डिसेंबरातील पहाट याला अपवाद आहे, कारण त्या वेळी जमिनीकडून येणारा वारा इतका मंद असतो, की दिशा कोणतीही निवडली तरी फरक जाणवत नाही.

वाऱ्याखालोखाल परिणाम आर्द्रतेचा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे तापमान तुलनेने कमी असले, तरी हवा बाष्पाने भरलेली असते. घाम अंगावरून गळतो पण वाळत नाही, आणि शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला जास्त काम करावे लागते. ठोके मिनिटाला 145 च्या आसपास ठेवून धावताना जुलैमध्ये मला एका किलोमीटरला साधारण साडेसात मिनिटे लागत होती. आता त्याच ठोक्यांवर सहा मिनिटे पन्नास सेकंद लागतात. या सुधारणेचा मला मनापासून आनंद आहे, तथापि तिचे सगळे श्रेय सरावाला देणे योग्य होणार नाही, कारण कोरड्या हवेचा त्यात मोठा वाटा आहे. पावसाळ्यात घड्याळावरील वेग पाहून निराश होणाऱ्या नव्या धावकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की त्या महिन्यांत वेग बाजूला ठेवून श्वास आणि ठोके यांवरच लक्ष द्यावे.

मोठ्या भरतीचे दिवस मी सरळ वगळले. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरती येणार असलेल्या दिवसांची सूचना महापालिका आधीच देते. अशा वेळी टेट्रापॉडवर, म्हणजे किनाऱ्यालगत रचलेल्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, आदळलेल्या लाटा कठडा ओलांडून पदपथावर कोसळतात. ते दृश्य कितीही मोहक असले, तरी तेव्हा तेथे धावू नये.

ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सावलीचा हिशेब महत्त्वाचा ठरला. रस्त्याच्या पूर्वेला 1930 आणि 1940 च्या दशकांतील आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग आहे, जिचा 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. त्या रांगेमुळे सूर्य उगवल्यानंतरही बराच वेळ पदपथावर सावली राहते. जिमखान्यांच्या मैदानांसमोर मात्र आडोसा नसल्याने ऊन लवकर पोहोचते. म्हणून वेगाचे टप्पे, म्हणजे टेम्पो रन, मी इमारतींसमोर ठेवले आणि मैदानांसमोरचा भाग संथ धावण्यासाठी राखला. संध्याकाळी सूर्य थेट समोरून येतो आणि फिरायला येणाऱ्यांची गर्दीही वाढते, त्यामुळे वेगाचा सराव पहाटेच उरकावा असे माझे मत झाले आहे.

या वाटेची एक उणीव तिच्या सपाटपणातच आहे. अर्धमॅरेथॉनच्या मार्गावर वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि हाजी अली मागे पडल्यावर, निम्म्याहून अधिक अंतर संपलेले असताना, पेडर रोडचा चढ समोर येतो आणि केवळ सपाटीवर तयार झालेल्या पोटऱ्या तेथे साथ देत नाहीत. यावर उपायही मरीन ड्राइव्हच्या उत्तर टोकालाच आहे. चौपाटीवरून वाळकेश्वर रस्त्याने तीन बत्ती चौकापर्यंत चढायचे आणि हळूहळू खाली उतरून पुन्हा पदपथावर यायचे. नोव्हेंबरपासून मी आठवड्यातून एकदा, दोन फेऱ्या झाल्यावर, म्हणजे पाय दमलेले असतानाच, हा चढ घेतो. त्यामुळे चढावर पावले छोटी ठेवणे आणि नजर थोडी वर ठेवणे जमू लागले आहे. कठीण पदपथाचा पोटऱ्यांवर येणारा ताण लक्षात घेऊन लागोपाठ दोन दिवस लांब धावणे मी टाळतो. मधल्या दिवशी ओव्हल मैदानाच्या मातीवर हलके धावणे होते.

डिसेंबरच्या उरलेल्या लांब फेऱ्यांपैकी एक प्रियदर्शिनी पार्कपासून वरळीकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यालगतच्या नव्या विहारपथावर करण्याचा विचार आहे. तेथे वारा आणि सावली यांचे गणित वेगळे असेल, कारण समुद्राला इतक्या जवळ असूनही इमारतींची रांग तेथे बरीच मागे आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून अंतर निम्म्यावर आणून केवळ हलके धावणे आणि तीन बत्तीचा एखादा चढ एवढेच ठेवणार आहे.