बाहीवरचा निळा रंग

मंगळवार, रात्री साडेदहा

बायको आत्ताच झोपली. माझेही डोळे मिटायला लागलेत, पण आजचं लिहिल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, असं दुपारीच ठरवलं होतं.

कलागटाला जायची आमची आज सातवी खेप. स्मृतिभ्रंश असलेली आठ-नऊ माणसं आणि प्रत्येकासोबत घरचं एकेक माणूस. त्यांना इथं शुभार्थी म्हणतात, आम्हाला शुभंकर. सुरुवातीला हे शब्द मला जड वाटले होते, आता दुसरे वापरवत नाहीत. ‘पेशंट’ म्हटलं की माणूस आपल्या डोळ्यांसमोर आधी खाटेवर आडवा होतो, मग त्याला नाव मिळतं.

आज आधी चित्रावरून गोष्ट रचायची होती. गट घेणाऱ्या ताईंनी एक मोठा फोटो सगळ्यांपुढे धरला. बाकावर बसलेला म्हातारा, मांडीवर पेटी. ‘ओळखा पाहू’, ‘आठवतंय का’ असलं त्या कधीच विचारत नाहीत. ‘काय चाललं असेल इथं?’ एवढंच. ही लगेच म्हणाली, “पत्र वाचतोय तो.”

फोटोत पत्र नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “अगं, पत्र कुठाय? पेटी आहे ती.”

तिचा चेहरा मिटला. हा मिटलेला चेहरा मी घरी दिवसातून कितीदा तरी बघतो. आज बुधवार नाही, मंगळवार. ती तुझी बहीण नव्हे, आपली सून. आंघोळ झाली तुझी मघाशीच. दर वेळी मी खरं तेच सांगतो आणि दर वेळी ती एक पाऊल मागे सरते.

ताईंनी मात्र फळ्यावर लिहूनही टाकलं होतं, ‘तो पत्र वाचतोय.’ मग तिच्या शेजारी वाकून विचारलं, “कुणाचं आलं असेल हो पत्र?”

“बहिणीचं.” ती थांबली. “पण उशिरा आलं.”

“मग गाडी चुकली त्याची,” पलीकडचे एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या शेजारच्या बाई हल्ली बोलत नाहीत, ‘हं हं हं’ करत टेबलावर बोटांनी ताल धरतात. ताईंनी तेही फळ्यावर घेतलं, ‘हं हं हं, गाडी निघाली.’ शेवटी सगळं सलग वाचून दाखवलं. ‘पण उशिरा आलं’ या वाक्याला कुणीतरी मोठ्यानं ‘अरेरे’ केलं, तेव्हा हिनं मान वर केली आणि सगळ्यांकडे पाहिलं. शाळेत शिकवत होती तेव्हा वर्ग शांत झाला की अशीच बघायची.

परतताना मी सारखा आठवत होतो, कुठल्या बहिणीचं, कुठलं पत्र. असं एकही पत्र मला सापडेना. मग एकदम उमगलं की ते नव्हतंच. तिनं ते रचलं होतं. गेली चार वर्षं मी तिचं काय काय गेलं तेवढंच मोजतोय, आणि आज माझ्यादेखत तिनं एक नवीन गोष्ट केली. ती मी पहिल्याच वाक्यात खोडायला निघालो होतो.

चित्रावरून गोष्ट रचायची ही रीत अमेरिकेत ॲन बास्टिंग यांनी नव्वदच्या दशकात बसवली, टाइमस्लिप्स नावानं. आठवण काढायला लावायचं नाही, कल्पना करायला बोलवायचं. ताईंनी पहिल्या दिवशी हे सांगितलं होतं तेव्हा मी वहीत टिपून घेतलं, समजलं मात्र आज. आठवणीच्या प्रश्नाला उत्तर एकच असतं आणि ते तिच्यापाशी नसतं. ‘काय चाललं असेल’ याचं उत्तर कुणाचंच चुकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजाप्रमाणे अशा माणसांची देखभाल करण्यात घरच्यांचे दिवसाला सरासरी पाच तास जातात. त्यातला किती वेळ माझा नुसतं दुरुस्त करण्यात जातो, ते मी आज पहिल्यांदा मनाशी मोजलं. आकडा इथं लिहवत नाही.

नंतर रंग. इथली व्यवस्था मला फार आवडते. ब्रश जाड दांड्याचे, बोटं थरथरली तरी हातात राहणारे. रंग तीनच, पण मोठ्यांनी वापरायचे, चांगल्यातले. पांढऱ्या कागदाखाली गडद कापड, कारण या आजारात कडा ओळखणं अवघड होतं, पांढऱ्यावर पांढरं हरवून जातं. ब्रश बुडवायचं पाणी कधीही पेल्यात ठेवत नाहीत. पेला दिसला की हात सवयीनं तोंडाकडे जातो. पसरट भांडं ठेवतात. रंगवताना गाणं बंद. गाण्याचा वेळ वेगळा.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी हिच्यासमोर लहान मुलांचं रंगवायचं पुस्तक ठेवलं होतं, बदकांचं. तीस वर्षं शिकवलेल्या बाईसमोर. तिनं ते हळूच टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत नेलं आणि खाली पाडलं. तिला बसायला जमत नाही, असं तेव्हा मला सांगण्यात आलं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

इथंही सगळे दिवस चांगले जात नाहीत. तिसऱ्या खेपेला ती दहा मिनिटांत उठली, घरी जायचं म्हणून दाराशी गेली. कुणी अडवलं नाही. आम्ही दोघं व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिलो आणि वेळ संपली.

आज ती निळ्यावर निळा चढवत होती, एकाच जागी, कागद मऊ पडेपर्यंत. ‘फाटेल’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. ताईंनी माझ्या हातात ब्रश दिला. “काका, तुम्ही त्या कडेनं सुरू करा.” मी आयुष्यात चित्र काढलेलं नाही. मी तिच्याच कागदावर दुसऱ्या बाजूनं निघालो. ती थांबली, माझ्या रेघेकडे बघितलं आणि तिच्यापाशी आपली रेघ आणून टेकवली. बराच वेळ आम्ही तसेच रंगवत होतो. बोललो काहीच नाही. औषध नाही, चप्पल नाही, वेळ किती झाली नाही. परवाच तिनं मला ‘तुम्ही कुणाकडे आलात?’ असं विचारलं होतं. आज विचारायची गरज कुणालाच पडली नाही.

यानं आजार थांबत नाही. ते मला पक्कं ठाऊक आहे आणि इथं कुणी तसं सांगतही नाही. दुपारी विचारलं, तर कुठं गेलो होतो हे तिच्या लक्षातच नव्हतं. पण २०१४ साली आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर झालेल्या काही जणांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. फितीत काय होतं ते विसरून गेल्यावरही मनात उठलेली भावना टिकून होती. मला त्या संशोधनाची खूण आज घरात दिसली. संध्याकाळी एरवी ती खोल्याखोल्यांतून अस्वस्थ फिरते, दाराची कडी चाचपते. आज खिडकीपाशी बसून होती, बोटांनी ताल धरून. ‘हं हं हं.’ त्या बाईंचा ताल.

आठच्या सुमाराला तिला माझ्या बाहीवरचा निळा डाग दिसला. “अहो, हे काय करून घेतलंत?” असं म्हणाली. कितीतरी दिवसांनी ‘अहो’. मला हाताला धरून नळापाशी नेलं, बाही ओली केली, साबण लावून दोन्ही मुठींत धरून चोळली, पिळली, उजेडात धरून बघितली, पुन्हा चोळली. मी उभा राहिलो. डाग निघाला नाही. “उद्या परत बघू,” ती म्हणाली.

सदरा अजून अंगावरच आहे. बाही ओली आहे, कागदाला लागतेय.