आळं

दोन महिन्यांपूर्वी आमच्या इमारतीसमोरच्या करंजाच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट आम्ही फोडलं. फुटपाथ करताना ते थेट खोडाला भिडवून ओतलेलं होतं. मी आणि शेजारचे काका, छिन्नी-हातोडी घेऊन, मुळांना इजा होऊ नये म्हणून अगदी जपून. दोन सकाळी गेल्या. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा खालच्या मातीत बोटसुद्धा रुतेना, इतकी ती घट्ट बसली होती.

पाणी शोषणारी झाडाची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या मीटरभर मातीतच असतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. काँक्रीट ओतलं की दोन्ही तुटतं. झाड लगेच मरत नाही, आणि हेच वाईट. आधी पानं बारीक होतात, मग शेंडा वाळतो. तोवर काँक्रीट कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

पत्र्याखालची सावली आणि झाडाखालची सावली एक नव्हे, हे भर दुपारी अंगालाच कळतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पण मातीत पाणी मुरलंच नाही तर पानांपर्यंत पोचणार काय?

आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिची खाट याच करंजाकडच्या खिडकीशी होती. कूस वळवायची ती झाडाकडेच. पुढे कधीतरी मी रॉजर उलरिच यांच्या १९८४ सालच्या अभ्यासाबद्दल वाचलं. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत, ते समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. मला आईची खाट आठवली.

नवी रोपं जरूर लावा, पण पहिली दोन-तीन वर्षं त्यांना पाणी कोण घालणार हे आधी ठरवा. संरक्षक जाळी खोडाला काचायच्या आत काढा. साल तिच्याभोवती वाढली की जाळी आतच रुतून बसते.

करंजाच्या आळ्यात आता आम्ही त्याचाच पालापाचोळा पसरतो, चार बोटं जाडीचा, खोडापासून थोडा लांब. पहिल्या दिवशी ओतलेलं बादलीभर पाणी कितीतरी वेळ तसंच साचून होतं. आज सकाळी ओतलं, आणि मी जिन्याशी पोचून मागे वळून पाहिलं तर सगळं जिरलेलं.