सेंट पॉल्सचा घुमट: शेवटच्या १५२ पायऱ्या

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलला, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चला, निघालेल्याला प्रत्येक जण हेच सांगतो: घुमटाच्या आतून गोल फिरणाऱ्या कुजबुज गॅलरीत (व्हिस्परिंग गॅलरी) भिंतीला कान लाव, पलीकडचं बोलणं ऐकू येतं. ती गॅलरी २०१९मध्ये बंद झाली. उघडली आहे का ते पाहिल्याशिवाय केवळ तिच्यासाठी तिकीट काढू नका. तिकीट महाग आहे.

तिथवरच्या २५७ पायऱ्या रुंद आणि बुटक्या. सगळे इथेच धावतात आणि पुढच्या ११९ दगडी, अरुंद पायऱ्यांवर धापा टाकतात. ३७६व्या पायरीला स्टोन गॅलरी, घुमटाभोवती बाहेरून फिरणारा सज्जा. लंडन नंतर बघा, आधी खाली बघा. चर्चच्या लांब भिंतींचा वरचा भाग नुसता पडदा आहे! मागे मोकळी जागा, आणि तिथे वास्तुकार ख्रिस्तोफर रेनने मध्ययुगीन गॉथिक पद्धतीच्या आधारकमानी लपवल्यात. रस्त्यावरून पत्ताही लागत नाही.

खरी परीक्षा त्यानंतरची. १५२ पायऱ्यांचा लोखंडी चक्री जिना, अगदी चिंचोळा, बाजूने खाली किती खोल आहे ते दिसतं. मागे रांग असते, मध्येच परत फिरणं अवघड. उंचीची भीती असेल तर स्टोन गॅलरीतूनच उतरा, त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांनी मात्र हा टप्पा सोडू नये, कारण घुमटाचं गुपित इथेच उघडं पडतं. बाहेरून दिसतो तो लाकडी सांगाड्यावर मढवलेला शिशाचा पत्रा. आतून दिसतो तो निराळाच, बराच बुटका विटांचा घुमट. एकच उंच घुमट बांधला असता तर आतून विहिरीत उलटं बघितल्यासारखं वाटलं असतं. या दोहोंमध्ये विटांचा शंकू आहे, जाडी जेमतेम १८ इंच, आणि माथ्यावरच्या दगडी मनोऱ्याचं सुमारे ८५० टन ओझं तोच पेलतो. तळाशी तो फाकू नये म्हणून लोखंडी साखळी आवळलेली आहे. १६७५ ते १७१० या काळात, इंजिनावर चालणाऱ्या क्रेनशिवाय उभं केलेलं काम. वर पोचल्यावरचा देखावा त्यामानाने दुय्यम, आणि उभं राहायला जागाही फार नाही.

रविवारी फक्त प्रार्थना, घुमट बंद. इव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला, तिकीट नसतं, पण तेव्हा घुमटावर सोडत नाहीत. मोठी बॅग आणू नका.

तळघरात ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनची ग्रॅनाइटची शवपेटी आहे. १८०३मध्ये आपल्या जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढला तोच हा. शौचालय आणि कॅफेही तळघरातच. चढण्याआधी जाऊन या, वर काहीही नाही.