स्काऊट फक्त वाढीव गुणांसाठी?

जून आला की ओळखीतले पालक हमखास विचारतात, पोराला स्काऊटला घालू का ओ, दहावीला किती मार्क वाढतात? वाढीव गुण मिळतात हे खरंय, पण तेवढ्याचसाठी पोरं पाठवली की स्काऊटच्या राज्य पुरस्काराचं सर्टिफिकेट फाईलला लागतं आणि विषय तिथंच संपतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण या पुरस्कारात पहिला नंबर नसतोच. आपल्या सोलापुरात निकाल लागला की गल्लोगल्ली गुणवंतांचे सत्कार, शाल-श्रीफळ, डिजिटल बोर्ड, आणि साठ टक्केवाला पोरगा मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवतोय. इथं तसं नाही. प्रथम सोपान म्हणजे पहिली पायरी, मग द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्काराची टेस्ट, जो नेटानं सगळं पुरं करेल त्याला मिळणार, शेजारचा पुढं गेला म्हणून तुमचं काही कमी होत नाही. इंग्लंडात १९५६ ला राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप यांनी तरुण पोरांसाठी ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड सुरू केला त्याचंही तेच, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, त्यात सेवा, एखादं कौशल्य, खेळ आणि साहसी प्रवास, आणि महिनोन्महिने लावून धरायचं, एका रविवारात उरकणारं कामच नाही ते. आपल्या कॉलेजातल्या एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, तेही याच पठडीतलं.

माझ्याकडं स्काऊटमधलं काय राहिलं? हातातली सवय. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर एका मावशींच्या मनगटाला पत्रा लागला, रक्त बघून आजूबाजूचे नुसते ओरडायला लागले, मी त्यांना हात वर धरायला लावला, रुमाल दाबून ठेवला आणि त्यांचीच ओढणी दुमडून वर पट्टी बांधली, उजवं टोक डाव्यावर मग डावं उजव्यावर, रीफ नॉट. ही गाठ सपाट बसते, टोचत नाही आणि डॉक्टरला सोडवायलाही सोपी जाते. हे आम्हाला शाळा सुटल्यावर ग्राउंडवर थांबून सरांनी शिकवलेलं, एक पैसा जादा न घेता, आणि गाठ उलटी पडली की परत सोडून बांधायला लावायचे, वैताग यायचा तेव्हा!

तर शाळेत पथक आहे का विचारा, नसेल तर मुख्याध्यापकांच्या मागं लागा. आणि एकदा घातलंत की नववीत अभ्यासाच्या नावाखाली पोराला काढू नका, राज्य पुरस्काराची तयारी नेमकी त्याच सुमाराला असते.