पर्जन्यनोंद: ऑगस्टची सरासरी एकदाची बसली!

मंडळी, गच्चीवरच्या पर्जन्यमापकाचं रोज सकाळी साडेआठचं रीडिंग चुकवत नाहीये, पण एक्सेलने आठवडाभर डोकं खाल्लं. ऑगस्टचा कॉलम मोबाइलच्या नोट्समधून कॉपी करून टाकला आणि अॅव्हरेज लावलं तर सरळ डिव्ह झिरोचा एरर. कारण म्हणजे मी नोट्समध्ये प्रत्येक आकड्यापुढे "मिमी" लिहायचो, त्यामुळे एक्सेलसाठी तो आकडा नव्हताच, सगळं टेक्स्ट, म्हणजे भागायला शून्य आकडे. फाइंड-रिप्लेसने "मिमी" उडवलं, सरासरी आली, मी खूश.

तरी सवयीने शेजारी काउंट (खरे आकडे असलेले सेल मोजणारं फंक्शन) लावून बघितलं तर 31 ऐवजी 27! चार सेल डावीकडे चिकटून बसलेले (आकडा आपोआप उजवीकडे जातो, डावीकडे दिसला की टेक्स्ट समजायचं). त्यांच्या शेवटी ती वेगळी स्पेस होती, कॅरेक्टर 160 वाली, ती ट्रिमने (जादा स्पेस काढणारं फंक्शन) जात नाही, सबस्टिट्यूटने (एका अक्षराच्या जागी दुसरं टाकणारं) काढून बाहेरून व्हॅल्यू (टेक्स्टचा आकडा करणारं) लावलं तेव्हा कुठे 31 झाले.

पण खरा घोळ जूनमध्ये सापडला. कोरड्या दिवशी मी सेल रिकामाच सोडायचो. एका आठवड्याचे आकडे बघा: 12, 0, 8, रिकामा, 30, रिकामा, 6. बेरीज 56, अॅव्हरेज म्हणतं 11.2 कारण ते पाचानेच भागतं, खरी सरासरी 8. आणि इथे एररबिरर काही येत नाही हो! आता नियम केलाय, पाऊस नाही तर 0 टाकायचा आणि गावाला गेल्यामुळे रीडिंगच घेतलं नाही तरच सेल रिकामा.

इफएररने (एरर आला तर त्याजागी आपण सांगू ते दाखवणारं फंक्शन) शून्य दाखवायची आयडिया मात्र अजिबात करू नका. मी जुलैला तेच केलं होतं, तिथेही "मिमी"च होतं, तर तो खोटा 0 गुपचूप सीझनच्या सरासरीत जाऊन बसला आणि साताऱ्यात जुलै कोरडा गेला असं शीट सांगायला लागलं. आता इफएरर काढलंय, एरर दिसू दे, निदान कळतं तरी.

हवामान खात्याच्या हिशोबाने 2.5 मिमी किंवा जास्त तो पावसाचा दिवस, म्हणून त्या दिवसांची सरासरी अॅव्हरेजइफने वेगळी काढतोय. जून परत भरून झालाय, जुलैचे 9 दिवस वहीतून तपासायचे राहिलेत, रविवारी बसतो.